चालत्या ट्रकमध्ये मीटर बंद पडून पुन्हा सुरू होतो : क्लस्टर दुरुस्त करावा की नवा बसवावा?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : गाडी २०१८ सालची, बीएस-४ (प्रदूषणाच्या मानकाची), दहा चाकी, २४ व्होल्टची आहे आणि ती कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल घेऊन भिवंडीकडे नियमित जाते. खड्ड्यात चाक गेले की मीटरचे सगळे काटे क्षणभर शून्यावर येतात आणि पुन्हा जागेवर जातात. पावसात तर सगळा पॅनेलच बंद होऊन नव्याने सुरू होतो. याशिवाय वेगाचा काटा अधूनमधून उड्या मारतो आणि किलोमीटरचा आकडा फिकट दिसतो. गॅरेजने नवा क्लस्टर, म्हणजे काटे आणि दिवे असलेला मीटरचा पूर्ण पॅनेल, टाकायला सांगितले आहे, कुर्ल्याच्या एका विक्रेत्याने उतरवलेला जुना क्लस्टर देऊ केला आहे, आणि पुढच्या महिन्यात गाडीचे पासिंग आहे.

माझे स्पष्ट मत असे की आज आपण नवा क्लस्टरही घेऊ नये आणि जुनाही घेऊ नये. आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी बहुतेक लक्षणे क्लस्टरच्या बाहेरच्या दोषाची आहेत. जी क्लस्टरच्या आतली असू शकतात, ती दुरुस्त होण्यासारखी आहेत. क्लस्टर हा भाग वीज, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) आणि सेन्सरकडून येणारी माहिती या तीन गोष्टींवर चालतो. या तिन्ही गोष्टी मोजून खात्री केल्याशिवाय त्याला दोषी ठरवले, तर नवा क्लस्टर बसवूनही तोच दोष पहिल्या पावसात परत येतो आणि मग गाडीमालक, गॅरेज व सुटे भाग विकणारा यांच्यात वाद सुरू होतो.

सगळे काटे एकाच वेळी पडतात ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, डिझेल, हवा आणि वेग यांचे सेन्सर गाडीच्या वेगवेगळ्या भागांत बसवलेले असतात. ते सगळे एकाच क्षणी बिघडणे आणि एकाच क्षणी बरे होणे शक्य नाही. म्हणजे दोष या सर्वांना सामाईक असलेल्या जागी आहे : क्लस्टरचा वीजपुरवठा, त्याची अर्थ, त्याच्या मागचा कपलर (वायरींचा प्लग), किंवा कपलरच्या पिना बोर्डावर जिथे सोल्डर केलेल्या असतात ते सांधे. याउलट एकच काटा चुकत असता, तर मी आधी त्या काट्याचा सेन्सर आणि त्याची वायर पाहायला सांगितले असते.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. आपल्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. इंजिन बंद असताना आणि बॅटऱ्या पुरेशा चार्ज असताना दोन्हींवर मिळून साधारण २५ व्होल्टच्या थोडे वर, आणि इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५ व्होल्टच्या आसपास विजेचा दाब (व्होल्टेज) दिसायला हवा. हे आकडे ठीक असतील तर क्लस्टरच्या कपलरपर्यंत जावे. तिथे तीन वायरी ओळखाव्या लागतात : एक बॅटरीकडून थेट येणारी, एक चावी ऑन केल्यावर जिवंत होणारी आणि एक अर्थची. पहिल्या दोन वायरींवर बॅटरीइतकाच दाब हवा. कपलर जोडलेला असतानाच, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजावे. कपलर काढून मोजल्यास वायरीवर भार नसतो आणि गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण २५ व्होल्ट दिसतात. अनेक ठिकाणी तपासणी फसते ती इथेच.

अर्थची तपासणी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून ती नीट सांगतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे टोक क्लस्टरच्या अर्थच्या पिनेवर मागून लावावे. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, वायपर, केबिनचा पंखा आणि इंडिकेटर एकत्र चालू करावेत. चांगल्या अर्थमध्ये हा आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या पुढे जात नाही. तो ०.५ व्होल्टच्या वर गेला, किंवा इंडिकेटरच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर वरखाली झाला, तर अर्थचा सांधा खराब आहे हे नक्की समजावे. पावसात पॅनेल बंद होण्यामागे पाणी आत शिरणे हे एकच कारण नसते. पावसात वायपर, हेडलाइट आणि काच पुसट होऊ नये म्हणून पंखा असे तीन मोठे भार एकदम सुरू होतात. या सर्वांची अर्थ अनेक गाड्यांत केबिनमधल्या एकाच बोल्टवर एकत्र येते. तो बोल्ट गंजलेला किंवा रंगाच्या थरावर आवळलेला असेल, तर या भारांच्या वेळी क्लस्टरला मिळणारा दाब एवढा घसरतो की त्यातला प्रोसेसर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कोरड्या दिवशी, गाडी उभी असताना याच तीन गोष्टी एकत्र चालू करून पाहाव्यात. पॅनेल तेव्हाही बंद पडला, तर पाण्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.

अर्थचा बोल्ट सापडला की तो पूर्ण उघडावा, वायरीच्या टोकाचा लग आणि केबिनचा पत्रा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, नवा दातेरी वॉशर टाकून आवळावा आणि आवळल्यानंतर वरून रंग किंवा ग्रीस लावावे. आधी ग्रीस आणि मग आवळणे ही रीत चुकीची आहे. केबिन आणि चॅसी यांच्यामध्ये असलेली अर्थची जाड पट्टीही पाहावी. केबिन रबरी माउंटिंगवर असते, त्यामुळे ही पट्टी सतत हलून तुटते आणि वरून शाबूत दिसली तरी आतल्या तारा बऱ्याचदा तुटलेल्या असतात. न्हावा शेवा आणि उरण परिसरात रोज जाणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होते. आपली गाडी त्या बाजूला क्वचित जात असली, तरी मुंबईचे चार महिन्यांचे दमट हवामान त्याच कामाला पुरेसे आहे.

आता खड्ड्याच्या लक्षणाकडे येऊ. चावी ऑन ठेवून, इंजिन बंद असताना, सहकाऱ्याला काट्यांकडे बघत राहायला सांगावे आणि क्लस्टरच्या मागचे हार्नेस (वायरींचा जुडगा) कपलरजवळ धरून हलकेच डावीउजवीकडे हलवावे. काटे पडले तर दोष कपलरमध्ये किंवा त्याच्याजवळच्या वायरीत आहे. हार्नेस हलवून काही होत नसेल, तर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने क्लस्टरच्या चौकटीवर हलके ठोके द्यावेत. त्यावर काटे पडले, तर बोर्डावरचा सोल्डरचा सांधा तडकला असण्याची शक्यता मोठी आहे. या साध्या चाचणीने क्लस्टर खोलायचा की नाही हे ठरते.

कपलरमध्ये दोष निघाला तर पिना पॉलिश पेपरने घासू नयेत. पिनांवर कथिलाचा पातळ मुलामा असतो, तो निघून गेला की खालचे तांबे पहिल्याच पावसाळ्यात हिरवे पडते. इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर मारावा आणि मऊ ब्रशने साफ करावे. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, त्याने कपलरचे आणि क्लस्टरच्या समोरच्या काचेचे प्लास्टिक खराब होते. मादी पिन सैल झाली असेल तर ती कपलरमधून काढून त्याच मापाची नवी पिन क्रिम्प करून (वायरीवर दाबून पक्की करून) बसवावी. पिना सैल होण्याचे एक कारण गॅरेजमध्येच घडते : टेस्ट लॅम्पचे जाड टोक समोरून पिनेत घुसवून तपासणी केली जाते आणि पिन फाकते. त्याशिवाय सेन्सरच्या किंवा डेटाच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावल्यास त्यातून वाहणारा प्रवाह इलेक्ट्रॉनिक भागांना सोसत नाही. या कामाला मल्टिमीटरच वापरावा. डिझेलचा काटा तपासण्यासाठी टाकीवरची वायर बॉडीला टेकवून काटा उडतो का ते पाहण्याची जुनी पद्धतही इलेक्ट्रॉनिक क्लस्टरमध्ये टाळावी. त्याऐवजी टाकीतल्या फ्लोटचा (डिझेलवर तरंगणाऱ्या सेन्सरचा) रेझिस्टन्स मोजावा आणि फ्लोट हाताने वर-खाली करताना तो न अडखळता बदलतो का ते पाहावे.

वेगाच्या काट्याच्या उड्या हा मला वेगळा दोष वाटतो. बाकीचे काटे स्थिर असताना फक्त वेगाचा काटा नाचत असेल, तर गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर, त्याचा कपलर आणि वेग नियंत्रकाची जोडणी पाहावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ नुसार बहुतेक व्यावसायिक वाहनांना वेग नियंत्रक लागतो आणि मालवाहू ट्रकसाठी त्याची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ज्या गाड्यांत हा नियंत्रक बाहेरून बसवलेला असतो, तिथे तो स्पीड सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीला जोड देऊन बसवतात. हा जोड नुसता पिळून वर काळी टेप गुंडाळलेला असेल, तर चिखल आणि पाण्याने तिथे गंज धरतो आणि क्लस्टरला तुटक सिग्नल मिळू लागतो. उपाय म्हणजे तो जोड कापून पुन्हा क्रिम्प करणे आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी बसवणे. नियंत्रक काढून टाकणे हा उपाय नाही, त्याने पासिंगला गाडी अडेल आणि ते सुरक्षेच्या दृष्टीनेही चूक आहे. गाडीत मागाहून बसवलेल्या जीपीएस यंत्राची जोडणीही याच वेळी पाहून घ्यावी. इग्निशनच्या वायरीवर किंवा डेटाच्या वायरीवर कच्चा जोड देऊन बसवलेले जीपीएस हे क्लस्टरच्या विचित्र तक्रारींमागे अनेकदा सापडते.

आपल्या पिढीच्या बहुतेक अवजड गाड्यांत इंजिनाची माहिती क्लस्टरला कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून मिळते. कटऑफ स्विचने बॅटरी तोडून या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असल्यामुळे तो ६० ओहमच्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलेले आहे, शून्याजवळ आला तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत त्यातला एक रेझिस्टर क्लस्टरच्या आतच असतो, त्यामुळे क्लस्टर काढून मोजल्यास १२० दिसणे तिथे योग्यच असते. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगली वायरिंग उकलली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. डायग्नोस्टिक स्कॅनर उपलब्ध असेल तर एक साधी गोष्ट करावी : स्कॅनरवर इंजिनचे तापमान आणि तेलाचा दाब बरोबर दिसत असताना क्लस्टरवर ते चुकीचे दिसत असतील, तरच संशय क्लस्टरकडे वळवावा.

हे सगळे ठीक निघाले आणि ठोक्याच्या चाचणीत काटे पडले, तर क्लस्टर बाहेर काढावा. त्याआधी किलोमीटरचा आकडा दिसत असताना फोटो काढावा, आणि मगच बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. क्लस्टर काढलेला असताना गाडी चालवू नये. ब्रेकच्या टाक्यांमधली हवा, ती कमी झाल्याचा बझर आणि तेलाच्या दाबाची सूचना या तिन्ही गोष्टी तेव्हा चालकाला मिळत नाहीत, आणि बोर घाटासारख्या उतारावर हवेच्या दाबाची माहिती नसणे जिवावर बेतू शकते. जुन्या रचनेच्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मीटरमधल्या चार्जिंगच्या दिव्यातून मिळतो, त्यामुळे मीटर काढल्यावर बॅटरी चार्ज होणेही थांबू शकते.

बोर्ड भिंगाखाली पाहिल्यास कपलरच्या पिनांभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल तडा दिसतो. त्यावर नुसता गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून काम भागत नाही. जुने सोल्डर शोषून काढावे, फ्लक्स (सोल्डर नीट धरण्यासाठीचा लेप) लावावा, तापमान नियंत्रित आयर्न साधारण ३३० ते ३५० अंशांवर ठेवून नवे सोल्डर भरावे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसून घ्यावा. वीजपुरवठ्याच्या भागातले कपॅसिटर फुगलेले असतील तर ते बदलावेत. आकडा फिकट दिसणे आणि पॅनेल परत परत सुरू होणे या दोन्हींचे मूळ तिथेही असू शकते. बदली कपॅसिटर किमान ५० व्होल्ट आणि १०५ अंशांचा घ्यावा. २४ व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटर २८ व्होल्ट देतो आणि भार अचानक तुटल्यास दाब क्षणभर त्याहून बराच वर जातो, म्हणून २५ व्होल्टचा कपॅसिटर तिथे टिकत नाही. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, योग्य मापाचा कपॅसिटर सहज मिळतो, त्यामुळे हाताशी असलेला कमी क्षमतेचा भाग लावण्याचे काही कारण नाही.

काटा एखाद्या ठरावीक कोनात अडकत असेल किंवा चावी बंद केल्यावर शून्याच्या जागी परतत नसेल, तर त्याच्या मागची छोटी स्टेपर मोटर तपासावी. अनेक क्लस्टरमध्ये आढळणाऱ्या मोटरच्या दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स साधारण २५० ते ३०० ओहम असतो आणि दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. एक कॉइल आतून तुटलेली निघाली तर मोटर बदलावी, ती महाग नसते. काटे उपसण्याआधी प्रत्येकाची शून्याची जागा खूण करून ठेवावी, आणि ते दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन सरळ वर उचलावेत, म्हणजे मोटरचा बारीक दांडा वाकत नाही.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. पाणी शिरून मुख्य चिपखालचे तांब्याचे रस्ते गंजले असतील, प्रोसेसर निकामी झाला असेल किंवा डिस्प्लेची काच फुटली असेल, तर नवा क्लस्टर घेणेच योग्य ठरते. तेव्हा फक्त गाडीचे मॉडेल सांगून भाग मागवू नये. जुन्या क्लस्टरच्या मागच्या लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळवावा. बाहेरून अगदी सारखे दिसणारे क्लस्टर टायरच्या मापानुसार, मागच्या अॅक्सलच्या प्रमाणानुसार आणि सेन्सरच्या प्रकारानुसार वेगळे असतात. चुकीचा बसवला तर वेग आणि किलोमीटर दोन्ही चुकतात. अनेक मॉडेलमध्ये नवा क्लस्टर कंपनीच्या डायग्नोस्टिक यंत्राने गाडीशी जुळवून द्यावा लागतो. हे काम कोण करणार आणि त्याचा खर्च कोणाकडे, हे भाग विकत घेण्याआधीच विचारावे.

कुर्ल्याच्या जुन्या क्लस्टरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यात दुसऱ्या गाडीचे किलोमीटर साठवलेले असतात, त्याची सेटिंग दुसऱ्या गाडीची असते, आणि तो किती पाणी पिऊन आला आहे हे बाहेरून कळत नाही. त्यातले किलोमीटर बदलून देतो असे कोणी सांगितले, तर हो म्हणू नये. ऑइल, क्लच, टायर यांचे हिशेब आणि उद्या गाडी विकताना लागणारा आपला शब्द हे सगळे त्या आकड्यावर उभे असते. नवा क्लस्टर बसवावाच लागला, तर जुन्याचा शेवटचा आकडा, नव्याचा पहिला आकडा आणि बदलल्याची तारीख बिलावर लिहून घ्यावी. जुन्या क्लस्टरचा उपयोग मी एकाच कामासाठी मान्य करतो : मोटर, काच, काटे यांसारखे सुटे भाग काढून घेण्यासाठी.

बीएस-६ गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न वाचणाऱ्या अनेकांकडे त्या असतील. एप्रिल २०२० पासून नोंदणी झालेल्या या गाड्यांत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या यंत्रणेत दोष आला की मीटरवर इशारा येतो आणि पुढे इंजिनाची ताकद कमी केली जाते. हा निर्णय इंजिनाकडची नियंत्रण यंत्रणा घेते. क्लस्टर बदलून तो इशारा जात नाही आणि ताकदही परत येत नाही.

आपल्या गाडीपुरते काम मी या क्रमाने करून घेईन. पहिल्या दिवशी भार चालू ठेवून अर्थ मोजावी, केबिनचा अर्थ बोल्ट आणि चॅसीची पट्टी नवी करावी, समोरच्या काचेच्या रबरातून फ्यूज बॉक्सवर पाणी उतरते का ते पाइपने पाणी मारून पाहावे, आणि वेग नियंत्रकाचा जोड नवा करावा. त्यानंतर काही फेऱ्या नेहमीप्रमाणे माल भरून माराव्यात. एवढ्यावर काटे पडणे थांबले, तर क्लस्टर न खोलताच काम झाले. थांबले नाही, तर ठोक्याची चाचणी पुन्हा करून क्लस्टर दुरुस्तीला द्यावा, आणि देताना लक्षणे, मोजलेले व्होल्ट आणि किलोमीटरचा फोटो सोबत द्यावा. त्याने दुरुस्त करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. पुढे कधी बॉडी बिल्डरकडे वेल्डिंगचे काम निघाले, तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायला आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावायला सांगावे. वेल्डिंगचा प्रवाह वायरिंगमधून फिरल्याने क्लस्टर आणि इंजिनचा कंट्रोल युनिट दोन्ही एका झटक्यात जाऊ शकतात. पासिंगच्या दृष्टीने पाहिल्यास नियम ११७ नुसार वेगमापक असणे बंधनकारक आहे आणि तपासणीत तो चालू स्थितीत दिसला पाहिजे. म्हणून वेगाच्या काट्याचे काम मागे न ठेवता पहिल्या दिवशीच उरकावे.